अक्रोडाखालच्या कॅराव्हॅनची जोडणी

हे लिहिण्याचा तुला अधिकार काय, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही. आमच्या घरात सहीपलीकडे लिहिणारा मीच पहिला, आणि मीसुद्धा आजवर जे लिहिलं ते परीक्षेच्या पेपरात, नाहीतर प्रयोगाच्या अहवालात. अहवालात 'मला असं वाटलं' असं लिहिलेलं चालत नाही. इथे मला बरंचसं तेच लिहायचं आहे. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. जिथे मला नक्की कळलं नाही, तिथे कळलं नाही असंच म्हणेन.

मी न्युरेम्बर्गजवळ मेकॅनिकलचं मास्टर्स करतो आणि आठवड्यातले काही दिवस एका लहानशा कारखान्यात वेर्कष्टुडेंट म्हणून काम करतो, म्हणजे शिकता शिकता अर्धवेळ नोकरी. तिथे माझ्या शेजारच्या मशीनवर एक सहकारी आहे. पन्नाशीचा, आडवा बांधा, बोलणं कमी. गेल्या सप्टेंबरात कँटीनमध्ये तो माझ्यासमोर येऊन बसला आणि म्हणाला, "तुला इंग्लिश वाचता येतं ना?"

"येतं."

"आणि पाने फिरवता येतात?"

मी हो म्हणालो. खरं तर मी आजवर पानं उलटली होती, पाने फारसे फिरवले नव्हते. पण हो म्हणून बसलो.

मग त्याने सांगितलं ते असं. त्याची मावशी जवळच्या खेड्यात एकटी राहते. (मी मनातल्या मनात त्यांना पहिल्या दिवसापासून आजीच म्हणत आलो, म्हणून इथेही आजीच म्हणतो.) तिचे यजमान, म्हणजे त्याचे काका, अमेरिकन छावणीत नोकरीला होते. परत जाणाऱ्या एका अमेरिकन माणसाकडून त्यांनी त्याची लांबलचक कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, विकत घेतली होती, आणि ती ओढायला तसलाच दणकट पिकअप. शेवटच्या सहलीत आउटोबानवर, म्हणजे हायवेवर, कॅराव्हॅन शेपूट हलवायला लागली. डावीकडे, उजवीकडे, मग पिकअपलाच सोबत घेऊन. कसेबसे घरी आले. त्यानंतर काकांनी अमेरिकेहून एक जोडणी मागवली, वजन वाटून देणारी. खोकं आलं. ते बसवायच्या आधीच काका गेले.

आता आजींचं घर विकलं गेलं होतं. उत्तरेकडे एका तळ्याकाठी त्यांची धाकटी बहीण राहते. तिच्या अंगणात कॅराव्हॅन उभी करायची आणि स्वतःच्या दाराआड स्वतःचं राहायचं, एवढंच आजींचं म्हणणं होतं.

"मी ओढून नेईन," सहकारी म्हणाला, "पण ती जोडणी नीट बसवलेली असेल आणि वाहन-तपासनीस हो म्हणाला तरच. नाहीतर गाडी भंगारात. आणि मावशी माझ्या घरामागच्या आल्टनहाइममध्ये."

आल्टनहाइम म्हणजे वृद्धाश्रम. आजींना तिथे जायचं नव्हतं, हे त्याने न सांगताही कळत होतं.

"तुम्हीच का नाही बसवत?" मी विचारलं. "तुम्ही माझ्यापेक्षा दहापट चांगलं बसवाल."

त्याने बटाटा काट्याने दाबला. "ओढीन म्हणालो ना. हात नाही लावणार."

त्या रात्री घरी फोन केला. आण्णा, म्हणजे माझे वडील, साखर कारखान्याच्या उसाचा ट्रॅक्टर चालवतात. फोन आईने घेतला आणि सगळं ऐकून म्हणाली, "शिकायला धाडलंय का गाड्या जोडायला? आन् त्यो मानूस सोता हात लावीना, तितं तू कशाला मरतोस?"

मागून आण्णांचा आवाज आला, "आरं, उलाळ आसंल ती गाडी. मागं वजन झालं की तोंड उचलतंय बघ."

उलाळ. मागचा भार जास्त झाला की पुढचं हलकं होऊन वर उचलणारी गाडी. मला बरं वाटलं. निदान एक शब्द माझ्या ओळखीचा होता. मी म्हणालो, "बरं, जातो आता, उद्या लेक्चर आहे."

"जातो न्हाई रं. येतो म्हन," आई म्हणाली. फोनवरसुद्धा ती हे सोडत नाही.

"येतो," मी म्हणालो.

पहिल्यांदा गेलो तेव्हा दुपार होती, उजेड होता, तरी त्या परसात पाऊल टाकल्यावर मी उगाचच आवाज न करता चालू लागलो. मागे एक मोठा अक्रोड, आणि त्याच्याखाली ती कॅराव्हॅन. ॲल्युमिनियमची, दोन आसांची, शेवाळाने हिरवट झालेली. पडदे ओढलेले. मी जवळ गेलो तोच आत कुणीतरी दार ठोठावल्यासारखा आवाज झाला. टक. टक. मी जागीच थांबलो. तेवढ्यात घराच्या स्वयंपाकघरातून आजींचा आवाज आला, "या?" जर्मनमध्ये, म्हणजे हो, काय?

टपावर अक्रोड पडत होते. मलाही दिसलं, त्यांनाही माहीत होतं. तरी पुढे प्रत्येक वेळी अक्रोड पडला की त्या आतून "या?" म्हणायच्याच.

आजी उंच, ताठ, आवाज मोठा. मला त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं. "युंगर मान," म्हणजे तरुण माणसा, "तू बारीक आहेस. तिथल्या नटांना माणूस लागतो."

"पाना लांब असला की चालतं," मी म्हणालो.

त्या हसल्या. त्यांनी जोडणीचं खोकं दाखवलं, पण कॅराव्हॅनची किल्ली हुकावरून काढली नाही. "आत तुझं काही काम नाही. मीसुद्धा जात नाही. तिकडे पोहोचल्यावर जाईन."

काम काय होतं ते थोडक्यात सांगतो. कॅराव्हॅनचं नाक, म्हणजे पुढचं टोक, पिकअपच्या मागच्या एका पोलादी बॉलवर टेकतं. नाक जड असलं की पिकअपची पाठ दबते, तोंड उचलतं, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंगला काही कळेनासं होतं. या जोडणीत दोन जाड पोलादी दांडे असतात. ते बॉलखालच्या डोक्यातून, म्हणजे बॉल धरणाऱ्या ठोकळ्यातून, निघून कॅराव्हॅनच्या नाकाच्या दोन्ही बाजूंनी मागे जातात, आणि साखळ्यांनी वर खेचून अडकवायचे असतात. ते ताणले की थोडं वजन पुढच्या चाकांकडे जातं, थोडं मागे कॅराव्हॅनच्या आसांकडे. बोलायला सोपं. पण डोक्याचा कल किती, बॉलची उंची किती, साखळीच्या कितव्या कडीत दांडा अडकवायचा, हे सगळं मोजून, जोडून, पुन्हा सोडून ठरवावं लागतं. मी दुपारी यायचो, उजेड कमी होईपर्यंत काम करायचो, हत्यारं शेडमध्ये ठेवायचो आणि निघताना स्वयंपाकघराच्या खिडकीच्या दिशेने ओरडायचो, "आल्झो, इश कोमं!"

म्हणजे, बरंय, येतो.

दुसऱ्या खेपेला परसात शिरताना मला खिडकीतून टेबल दिसलं. दोन कप, दोन बश्या. कॉफीवर साय धरलेली. केकचा तुकडा वाळून कडेने वळलेला. आजी घरात नव्हत्या, कोंबड्यांकडे होत्या. मी नजर काढून घेतली. तिसऱ्या खेपेलाही तसंच. आदल्या दिवशीचं, न शिवलेलं.

दिवस पितृपक्षाचे होते. आमच्याकडे गेलेल्यांसाठी पान वाढतात, तसं इथेही काही असेल, असं मी धरून चाललो. अशा पानाबद्दल विचारत नसतात. त्यामुळे मी विचारलं नाही, आणि खिडकीजवळून जाताना चप्पल जरा हळू टाकू लागलो.

नाकाचं वजन मोजलं त्या दिवसाबद्दल मला अजून खात्रीने बोलता येत नाही. घरातला वजनकाटा एवढा भार पेलत नाही, म्हणून एक फळी घ्यायची, तिचं एक टोक विटेवर आणि दुसरं काट्यावर टेकवायचं, नाक मधे ठेवायचं आणि गुणाकार करायचा. मी आजींच्या न्हाणीघरातला काट्यावाला जुना वजनकाटा आणला होता. नाक टेकवलं, काटा स्थिर झाला, मी आकडा हातावर लिहिला. दोन्ही हात मोकळे. वारा नव्हता. मी काट्याकडे पाहत असतानाच तो हळूहळू पुढे सरकला. झटक्याने नाही. कुणीतरी मागच्या पलंगावरून उठून, अंधारात हाताने चाचपडत पुढच्या बाजूला येऊन बसावं, तितक्या सावकाश. मग थांबला.

मी उठलो. "हालो?" म्हणालो. आजी स्वयंपाकघरात होत्या, नळाचा आवाज येत होता. किल्ली हुकावर होती, उघड्या खिडकीतून दिसत होती. कॅराव्हॅनच्या पुढच्या काचेला आतून वाफ धरली होती, आणि तिच्यात तळहाताएवढा गोल पुसलेला होता.

मागे जाऊन पाहिलं तर मागचा एक टेकू ओल्या मातीत खचला होता. टेकू मागचा भार उचलत होता, तो खचला की आकडा बदलणारच. पण मागचा टेकू खचल्यावर मागचं खाली बसतं, नाक हलकं व्हायला हवं. काटा कमी दाखवायला हवा होता. मी बराच वेळ तिथे उकिडवा बसून हा हिशोब उलटसुलट करून पाहिला. अहवालात मी 'जमीन मऊ असल्याने मोजमापात चूक' असं लिहिलं असतं. पुन्हा पाहिलं तेव्हा काचेवर वाफ एकसारखी होती.

त्या दिवशी निघताना "इश कोमं" जरा घाईने ओरडलो, आणि पळालोच.

पुढच्या सोमवारी कारखान्यात सहकाऱ्याने मशीन बंद केलं आणि हात पुसत माझ्याकडे आला. मला वाटलं, काम कुठवर आलं ते विचारेल.

"तू मावशीशी काय खेळ चालवलायस?"

"कसला खेळ?"

"रोज संध्याकाळी म्हणे तू 'येतोय' म्हणून ओरडतोस. ती कॉफी ओतते. केक कापते. आणि तू जातोस निघून! काल मला विचारत होती, भारतात कॉफी पीत नाहीत का?"

"पण ते... ते टेबल तर काकांसाठी..."

"काकांसाठी?" तो हसायला लागला आणि मधेच थांबला. मशीनच्या कडेला टेकला. मग खालच्या आवाजात बोलला. "तुला माहीत नसणार. तो असाच कॅराव्हॅनमध्ये काहीतरी करत बसायचा. रविवार होता. तिने कॉफीला हाक मारली. तो आतून ओरडला, इश कोमं. ती थांबली. कॉफी निवली. मी तेव्हा तिच्याकडे जेवायला होतो. ती मला म्हणाली, जा रे, बघून ये." त्याने हातातलं फडकं घडी केलं. "पुढच्या पलंगावर बसलेला होता. खिडकीशी. घराकडे तोंड."

जर्मनमध्ये निघताना कुणी 'इश कोमं' म्हणत नाही. त्याचा अर्थ एकच होतो: मी तुझ्याकडे येतोय, आत्ता. हे मला व्याकरणाच्या पुस्तकातून माहीत होतं. तोंडाला माहीत नव्हतं.

त्याच दुपारी गेलो. या वेळी थेट स्वयंपाकघरात गेलो आणि न बोलावता टेबलाशी बसलो. आजींनी कॉफी ओतली.

"आज आलास," त्या म्हणाल्या.

"आजी..." असं माझ्या तोंडून मराठीतच निघालं, मग जर्मनमध्ये जुळवाजुळव केली. "माझं चुकलं. आमच्या भाषेत निघताना 'जातो' म्हणत नाहीत. अशुभ मानतात. मेलेल्या माणसालाच 'गेला' म्हणतात. म्हणून घरातून निघणारा प्रत्येक जण 'येतो' म्हणतो. मी तेच जर्मनमध्ये म्हणत होतो."

त्यांनी कप खाली ठेवला. "म्हणजे तुमच्यात, जाणारा माणूस 'येतो' म्हणतो?"

"हो."

"आणि घरातल्यांना ते कळतं? की हा आता चाललाय?"

"कळतं. ते 'ये' म्हणतात."

आजी खिडकीबाहेर पाहू लागल्या. अक्रोडाखाली पानांचा थर साचला होता. "गेनाऊ," त्या शेवटी म्हणाल्या. बरोबर. "म्हणजे तो नीटच बोलला होता. मलाच उत्तर द्यायचं कळलं नाही."

मी केक खाल्ला. प्रमाणाबाहेर गोड होता, आणि मी दुसरा तुकडाही घेतला. टपावर अक्रोड पडला. त्या दिवशी त्या "या?" म्हणाल्या नाहीत. ओठ हलले, पण काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही.

त्यानंतर काम सरळ झालं, असं म्हणायला मला आवडलं असतं. झालं नाही. दांडे पहिल्यांदा ताणले तेव्हा साखळी वर खेचायची लांब कांब हातातून निसटून माझ्या कानाजवळून गेली आणि कॅराव्हॅनच्या नाकावर घण पडल्यासारखी आदळली. सहकारी पिकअपमध्ये बसून होता. काच खाली करून म्हणाला, "मेलास का?"

"नाही."

"मग पुन्हा." आणि काच वर.

मुख्य नट आवळायला गावातल्या ट्रॅक्टर दुरुस्तीवाल्याकडून माझ्या खांद्याएवढा टॉर्क पाना आणला आणि त्यावर अक्षरशः लोंबकळलो. आजी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "म्हटलं नव्हतं, माणूस लागतो?" पिकअपच्या पुढच्या चाकावरच्या कमानीची उंची आधी मोकळी, मग नाक टेकवून, मग दांडे ताणून, अशी पुन्हा पुन्हा मोजली. साखळीची एक कडी कमी केली, डोक्याचा कल एका वॉशरने वाढवला, पुन्हा सगळं सोडलं, पुन्हा जोडलं. शेवटी एका धुकट दुपारी कमान जवळपास मोकळ्या गाडीएवढ्याच उंचीवर आली. पिकअप आणि कॅराव्हॅन एका रेषेत, जमिनीशी समांतर उभे होते. मी लांब जाऊन पाहिलं. शेवाळ सोडलं तर सगळं नवं वाटत होतं. तपासनीस आला, खाली वाकला, दांड्यावर बुटाने दोन लाथा मारल्या आणि चालेल म्हणाला.

निघायच्या दिवशी आजी कोट घालून, पर्स मांडीवर घेऊन पिकअपमध्ये बसल्या होत्या. कॅराव्हॅनची किल्ली पर्समध्ये. सहकारी आरशात मागे बघत नव्हता, नुसता समोर.

"पोहोचलात की कळवा," मी खिडकीशी वाकून म्हणालो. आमच्याकडे हे सांगितल्याशिवाय गाडी हलत नाही.

"कळवीन की."

गाडी वळणापर्यंत गेली तोवर मी दांड्यांकडेच पाहत होतो. मग धुक्यात मागचे लाल दिवे तेवढे राहिले, मग तेही नाहीत.

संध्याकाळपर्यंत पोहोचायला हवे होते. फोन आला नाही. सहकाऱ्याला लावला, तो बंद. दुसऱ्या दिवशीही बंद. मी नकाशात तो सगळा रस्ता बोटाने पाहिला, आणि रस्त्यांच्या बातम्यांत उलटलेल्या गाड्या शोधत राहिलो. प्रत्येक नट आठवून पाहिला. डाव्या साखळीच्या पट्टीचा नट मी शेवटी आवळला होता का? होता. आवळला होता असं मला आठवत होतं. जेवण जात नव्हतं. सोमवारी सहकाऱ्याचं मशीन बंदच होतं. फोरमनने खांदे उडवले, "सुट्टी वाढवली असेल, मला काय ठाऊक." आईला फोनवर हे सांगितलं नाही, नुसतं परीक्षा आहे म्हणालो.

आधीच्या आठवड्यांत त्या परसात मला जी भीती वाटायची तिला काही कारण नव्हतं. हिला होतं. मी जोडलेलं काहीतरी दोन माणसांना घेऊन धुक्यात गेलं होतं, आणि तिकडून काहीच परत येत नव्हतं.

मंगळवारी लेक्चर चालू असताना खिशात फोन थरथरला. अनोळखी नंबर. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये आलो.

"युंगर मान!" आजींचा तोच मोठा आवाज. "इथे रानात मोबाईलला रेंज नाही, आणि बहिणीच्या घरातला फोन आज दुरुस्त झाला. आम्ही पोहोचलो. भाच्याची पाठ धरली होती, आता बराय, उद्या निघेल."

मी भिंतीला टेकून खाली बसलो. "आणि कॅराव्हॅन? कसा आला?"

जर्मनमध्ये कॅराव्हॅन पुल्लिंगी असते. 'तो'च म्हणतात. आणि ओढताना ती डुलली नाही, तर 'तो शांत पडून होता' असंच म्हणतात. कारखान्यातही म्हणतात, सगळेच म्हणतात. मला हे चांगलं माहीत आहे.

"सुरुवातीला थोडा अस्वस्थ होता," आजी म्हणाल्या, "त्या लांब पुलावर, वारा होता तेव्हा. मग मी मागे वळले आणि त्याला 'ये' म्हणाले. त्यानंतर तो सगळा रस्ता शांत पडून होता."